इंजेक्शनच्या गाडीचा स्लो

मोटारसायकलीच्या एका स्क्रूवर कुणी इतकं लिहावं का, हे मला ठाऊक नाही. आणि लिहायचंच झालं तर ते मी लिहावं, याचा संकोच वाटतो. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. लिहिलेलं कसं असतं ते मी पुस्तकांतच पाहिलं, आणि मी वाचलेल्या पुस्तकांत गॅरेज फारसं आलेलं नाही. खरं तर हे, ज्यांनी मला तो स्क्रू शिकवला त्या गॅरेजच्या फोरमननं लिहायला हवं होतं. त्यांना मी तसं म्हणालोही. ते म्हणाले, "हात धुवायला सवड न्हाय, पेन कवा धरू?" तेव्हा वाचणाऱ्यानं मला सांभाळून घ्यावं. यात जे चुकलेलं दिसेल ते माझं, आणि जे बरोबर वाटेल ते बहुतेक फोरमनचं बोलणं असेल.

आमची वस्ती इंदापूर तालुक्यात, भिगवणपासून आत, धरणाच्या पाण्याच्या अंगाला. मी बारामतीत बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आणखी दोघांबरोबर खोली घेऊन राहतो आणि शनिवारी एसटीनं घरी जातो. माझ्या वडलांना घरात, वस्तीवर, सगळीकडं तात्याच म्हणतात. मीही तात्याच म्हणतो.

तात्या दुधाची लाईन करतात. सकाळी मोटारसायकलीला दोन्ही बाजूंनी कॅन अडकवायचे, वाड्या-वस्त्यांवरून दूध गोळा करायचं आणि साडेसातच्या आत गावच्या डेअरीत पोचवायचं. साडेसातला टँकर हलतो. संध्याकाळीही अशीच एक फेरी असते. पूर्वी आमच्याकडं मेंढरं होती. ज्या शेतांत तात्यांनी खतासाठी मेंढरं बसवली, त्याच शेतांतल्या घरांचं दूध ते आता घेतात. त्यामुळं लाईनवरच्या प्रत्येक घरात त्यांना गेल्या तीन पिढ्या ठाऊक आहेत. शेवटची मेंढरं विकली तेव्हा मी आठवीत होतो. त्यानंतरचे चार महिने तात्या नुसते बसून होते. मग ही लाईन मिळाली आणि ते पुन्हा पहाटे उठू लागले. लाईन म्हणजे तात्यांना काय, हे मला त्या चार महिन्यांमुळं कळतं.

त्यांची एक रीत आहे. दारात गेल्यावर ते हॉर्न वाजवत नाहीत आणि गाडीही बंद करत नाहीत. गाडी चालू ठेवून एक पाय टेकवून उभे राहतात. तो आवाज ऐकून घरातली बाई चरवी घेऊन बाहेर येते. दूध कॅनमध्ये ओतलं, झाकण लावलं, की पुढचं दार. दोन भरल्या कॅनांची गाडी स्टँडवर लावणं, उतरणं, परत सुरू करणं, हे दर दारात करत बसलं तर सकाळ तिथंच संपते.

जुनी गाडी मेंढरांच्या काळापासूनची, कार्बोरेटरची होती. तिचा स्लो, म्हणजे मूठ सोडल्यावर गाडी जेवढ्यास तेवढी चालू राहते तो वेग, तात्या स्वतः लावायचे. खिशाला लोक पेन लावतात तसा त्यांच्या सदऱ्याच्या खिशात एक बारका स्क्रू ड्रायव्हर असतो. कान लावायचा, स्क्रू थोडा सैल करायचा, परत कान लावायचा. गाडी इतकी सावकाश ठोके द्यायची की एकेक ठोका मोजता यावा. आमच्याकडं सगळे असंच करतात. स्लो जितका कमी तितकं पेट्रोल वाचतं, अशी समजूत आहे. गाडी घेतली की हार घालायच्या आधी स्लो कमी करून घेतात, असं म्हटलं तरी चालेल.

ती गाडी गेल्या दिवाळीनंतर विकली आणि तात्यांनी एक वापरलेली पण नव्या पद्धतीची गाडी घेतली. तिला कार्बोरेटर नाही. पेट्रोल किती सोडायचं ते तिच्यातलं यंत्रच ठरवतं. आमच्या वस्तीवर तिला 'इंजेक्शनची गाडी' म्हणतात.

थंडी वाढली तशी ती गाडी दारादारात बंद पडू लागली. मी एका शनिवारी घरी गेलो तर तात्या गाडीकडं बघत उभे होते.

"मूठ सोडली की मरतीया," ते म्हणाले. "तू सायन्सला हायस न्हवं? बघ की जरा."

मला इथं सांगायला हवं होतं की सायन्सला असणं वेगळं आणि गाडी कळणं वेगळं. पण तात्यांनी विचारलं त्यात शंका नव्हती. सायन्सला गेलेल्या मुलाला हे येणारच, असं त्यांना वाटत होतं. मी सीटखालून डोकावलो. जिथून इंजिनात हवा जाते तिथं जुन्या गाडीसारखाच स्प्रिंगचा एक स्क्रू दिसला. त्याच्या डोक्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका होता, थोडा शेजारच्या धातूवरही आलेला. मला वाटलं, हाच फिरवायचा स्क्रू, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून कंपनीनं खूण केली असणार.

मी तात्यांकडून स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि अर्धा फेरा आवळला. गाडीचा आवाज चढला आणि ती बंद पडायची थांबली.

"आरं तिच्यायला," तात्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी डेअरीत, चहाच्या टपरीवर, दोनतीन वस्त्यांवर त्यांनी सांगितलं की पोरानं गाडी नीट केली. मी रविवारी संध्याकाळी बारामतीला आलो तो खुशीतच.

मंगळवारी गाडीच्या मीटरवर इंजिनाचा पिवळा दिवा लागला. उभ्या गाडीचा आवाज आपोआप वर जायचा, खाली यायचा, आणि एखादे वेळी खाली गेला की वर यायचाच नाही. आता ती पूर्वीपेक्षा जास्त बंद पडत होती. हे मला फोनवर आईनं सांगितलं. तात्या फोनवर एवढंच म्हणाले, "थंडी लय हाय. गाडीला बी बाधती." मी फिरवलेल्या स्क्रूचा त्यांनी शब्दही काढला नाही. भिगवणच्या मेकॅनिकनं गाडी बघून 'कंप्युटर गेला' म्हणून हात वर केले होते. बारामतीला शोरूममध्ये टाकावी तर ते दोन दिवस ठेवून घेणार, आणि दोन दिवस दूध कशावर न्यायचं?

मधल्या शनिवारी प्रॅक्टिकलच्या वह्यांमुळं माझं घरी जाणं झालं नाही. पुढच्या बुधवारी आईचा परत फोन आला. तात्या रोज उशिरा पोचत होते. दोनदा टँकर त्यांच्यासाठी थांबवून ठेवावा लागला होता. डेअरीच्या सचिवानं शेवटी सांगितलं होतं: "तात्या, सोमवारपासनं येळेत आला तर तुमची लाईन, न्हायतर टेंपोवाल्याला देतो. माझा बी इलाज न्हाय." टेंपोवाला पलीकडच्या वाडीचा होता आणि तो लाईन घ्यायला केव्हाचा तयार होता.

"तात्या काय म्हणाले?" मी विचारलं.

"काय म्हणत्याल? बसल्यात," आई म्हणाली.

'बसल्यात' हा शब्द ऐकला आणि मला ते चार महिने आठवले.

त्या दिवशी तासाला माझं लक्ष लागलं नाही. बाकावर माझा पाय सारखा हलत होता, इतका की पुढच्या बाकावरच्या मुलीनं मागं वळून बघितलं. ही मला जुनीच खोड आहे. वाट बघावी लागली की हाताला, पायाला काहीतरी करावंसं वाटतं. दुपारी मी कॉलेजातून निघालो आणि एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजसमोर जाऊन उभा राहिलो, पण रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला. जाता-येता मी ते गॅरेज रोज बघत होतो. तिथं नव्या गाड्या जास्त असायच्या. मालक पन्नाशीचे होते. पूर्वी एका शोरूमला फोरमन होते म्हणून आता सगळे त्यांना फोरमनच म्हणतात. मी बराच वेळ तसाच उभा होतो. शेवटी त्यांनीच हाक मारली.

"ओ कॉलेज! पल्याडनं काय टेहळणी चाललीय? काय पायजे?"

"काही नाही. विचारायचं होतं."

"मंग हिकडं येऊन विचार. विचारायला फी न्हाय."

मी जाऊन सांगितलं, की माझ्या एका मित्राची इंजेक्शनची गाडी आहे, तिचा स्लो वरखाली होतो आणि दिवा लागलाय.

फोरमन हातातली चेन पुसत होते. त्यांनी विचारलं, "मित्रानं कुठला स्क्रू पिळला?"

मी आधी रस्त्याकडं बघितलं. मग म्हणालो, "पिवळ्या रंगाचा."

"मित्र शिकलेला दिसतोय," ते म्हणाले. "अडाणी माणूस रंग बघून भितो. शिकलेला म्हणतो, खूण माझ्यासाठीच हाय."

मला हसावं की जावं ते कळेना. मी म्हणालो, "मित्र नाही. मीच."

"ते कळलं की. बस."

त्यांनी मला जे सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. इंजिनाकडं जाणाऱ्या हवेच्या वाटेत एक गोल दार असतं. मूठ पिळली की ते उघडतं, सोडली की मिटतं. पण अगदी पूर्ण मिटत नाही, किंचित फट राहते. ती फट किती ठेवायची ते पिवळा स्क्रू ठरवतो आणि ते कारखान्यातच ठरवून वर रंग लावलेला असतो. गाडीतलं यंत्र त्या फटीवर विसंबून असतं. मी स्क्रू आवळला तेव्हा फट वाढली. आता यंत्राला वाटतं, मालकानं मूठ थोडी पिळलेली आहे. मालकानं तर पिळलेली नसते. त्या गोंधळात ते कधी पेट्रोल जास्त सोडतं, कधी आखडतं.

"मग स्लो लावायचा असला तर?"

"त्याला दुसरा स्क्रू हाय. बारका, आत दडलेला. दाराच्या बगलेनं थोडी हवा जाती, ती कमीजास्त करायचा. पर त्याला हात लावायला बी अक्कल लागती."

"मला शिकवाल का? सोमवारच्या आत?" मी सगळं सांगून टाकलं, लाईन, टँकर, टेंपोवाला.

फोरमननं माझ्याकडं बघितलं. "गाडी आणली असती तर अर्ध्या तासात करून दिली असती."

"गाडी सोडली तर दूध राहतं."

"व्हय, ते बी खरं," ते म्हणाले. त्यांची स्वतःची गाडी तिथंच उभी होती आणि ती नेमकी आमच्याच मॉडेलची होती. "रोज चारला ये. एक अट. मी म्हणल्याबगार हात लावायचा न्हाय."

गुरुवारी चारला गेलो तर त्यांनी स्वतःच्या गाडीचा बारका स्क्रू मुद्दाम बिघडवून ठेवला होता. गाडी सुरू केली तर मरायला टेकलेली. मी सवयीनं लगेच मूठ धरून रेस मारली.

"हात खिशात," फोरमन म्हणाले.

"बंद पडेल ना."

"पडू दे. परत चालू कर. मुठीला शिवायचं न्हाय. कार्बोरेटरच्या गाडीला माणूस रेस मारून जागं ठेवतो. हिला तसं केलं तर हिला काय कळतच न्हाय. हात खिशात घाल."

इंजिन चांगलं तापेपर्यंत काहीच करायचं नाही, हा पहिला नियम. चहा मागवायचा, तो यायची वाट बघायची, प्यायचा, ग्लास परत द्यायचा, तेवढा वेळ. मी दोन्ही हात पँटच्या खिशात घालून उभा राहिलो. लिहायला हे सोपं वाटतं, पण माझी बोटं आत चुळबुळ करत होती आणि फोरमनना ते दिसत होतं.

मग स्क्रू. पाव फेरा सैल करायचा, म्हणजे हवा वाढते. मी पाव फेरा फिरवला. काही झालं नाही. मी आणखी पाव फिरवला. तरी काही नाही. आणखी फिरवला, आणि एकदम आवाज चढत गेला, गाडी जागेवर थरथरू लागली. घाईनं उलटा फिरवला तर ती बंदच पडली.

"बघ," फोरमन म्हणाले. "तिला तू एक सवाल इचारलास. ती इचार करतीया, तवर तू दुसरा टाकलास, तिसरा टाकलास. तुझा मास्तर वर्गात असं करतो का?"

"करतो," मी म्हणालो.

ते मोठ्यानं हसले. शेजारच्या पंक्चरवाल्याला ओरडून त्यांनी ते सांगितलंही. पण मग त्यांनी मला ते सगळं पहिल्यापासून करायला लावलं. पाव फेरा, हात खिशात, वीस मोजायचे. तोवर यंत्र आपलं आपण जुळवून घेतं. मग परत पाव फेरा, परत हात खिशात. शेवटी एकदा मूठ पिळून सोडायची आणि आवाज होता तिथंच परत येऊन थांबतो का ते बघायचं. वरच राहिला तर हवा जास्त. खाली जाऊन धापा टाकायला लागला तर कमी.

गुरुवारी मला ते जमलं नाही. कारण तेव्हा मला कळलं नाही, शुक्रवारी कळलं. मी स्लो लावायचो तो तात्यांच्या कानानं. ठोका न ठोका वेगळा ऐकू येईपर्यंत मी आवाज खाली आणायचो आणि मला वाटायचं, हे बरोबर. फोरमन गाडीला त्यांचं इंजिनाचे फेरे मोजायचं यंत्र जोडून आकडा दाखवायचे, तो नेहमी कमी निघायचा.

"कान जुन्या गाडीचा हाय तुझा," ते म्हणाले. "ही जरा भरभर बोलणारी हाय. घाईत न्हाय ती. तिची चालच ती हाय."

शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला आकडा बरोबर आला, आणि मूठ पिळून सोडली तरी तिथंच राहिला. फोरमननं स्क्रू परत बिघडवला आणि म्हणाले, "आता यंत्राबगार." ते दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा जमलं. तो आवाज मी मोबाईलवर रेकॉर्ड करून घेतला, कारण घरी माझ्याजवळ यंत्र नसणार होतं. खोलीवर गेल्यावर कानाशी धरून मी तो इतक्यांदा ऐकला की माझा एक खोलीवाला म्हणाला, "अरे, लोक गाणी ऐकतात."

शनिवारी निघताना फोरमननं दाराभोवतीची काजळी धुवायची स्प्रेची अर्धी बाटली दिली. "आधी पिवळा स्क्रू रंगाच्या खुणेवर माघारी घे. मंग दार पुसून घे. मंग बारका स्क्रू आवळून बघ, तळापत्तर किती फेरं जातोय. दोनएक जाया पायजे. तिथनं सुरवात. आन बाटली सोमवारी परत."

एसटीपुढं उसाच्या ट्रॉल्या होत्या. भिगवणपर्यंत आमची गाडी त्यांच्यामागून रांगत होती आणि मी मांडीवरची बाटली या हातातून त्या हातात करत होतो. घरी पोचलो तर तात्या संध्याकाळच्या दुधाला गेलेले. आले तेव्हा त्यांचा चेहरा बघून मी बाटली पिशवीतच ठेवली. जेवताना ते म्हणाले, "अभ्यास चाललाय न्हवं?" मी हो म्हणालो.

रविवारी सकाळी ते परत उशिरा पोचले. आठ वाजून गेले होते. घरी आल्यावर त्यांनी कॅन उतरवले आणि मी स्प्रेची बाटली घेऊन पुढं झालो.

"तात्या, एक सांगायचंय. हा पिवळा स्क्रू मी फिरवला होता ना, तो फिरवायचा नसतो. त्यामुळंच झालंय सगळं."

तात्या कॅनचं झाकण पुसत होते. "मंग माघारी फिरव की," ते म्हणाले.

एवढंच. मी त्यापुढं बरंच काही ठरवून आलो होतो, ते सगळं राहून गेलं.

पिवळा स्क्रू खुणेवर आणला. दार पुसलं, फडकं काळंकुट्ट निघालं. मग बारका स्क्रू शोधला आणि आवळायला गेलो तर तो हलेना. परत बघितलं. तो अडकलेला नव्हता, तो तळालाच होता. कुणीतरी आधीच पूर्ण आवळून टाकला होता. म्हणजे मी हात लावायच्या आधीपासून या गाडीला बगलेची हवा मिळतच नव्हती.

"तात्या, ह्याला कुणी हात लावला होता?"

तात्या कॅनच पुसत राहिले. ते एव्हाना लख्ख झालं होतं.

"सांगा की आता," आई चरव्या घासता घासता म्हणाली. "गाडी घेतली त्याच दिशी भिगवणात कुणाकडं थांबला व्हता?"

"स्लो कमी करून घेतला वाईच," तात्या म्हणाले. "समदीच घेत्यात. पेट्रोल पीत व्हती."

"बाप एक स्क्रू पिळतोय, ल्योक दुसरा," आई म्हणाली. "गाडीनं करावं तरी काय?"

तात्या हसले. घरी आल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. मलाही हसू आलं, पण आत कुठंतरी मला हलकंही वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

बारका स्क्रू मी दोन फेरे सैल केला. गाडी सुरू केली. ती धडपडली, पण राहिली. तात्यांचा हात सवयीनं मुठीकडं गेला.

"तात्या, मुठीला हात नाही लावायचा. हात खिशात ठेवायचे."

तात्यांच्या पायजम्याला खिसा नव्हता. त्यांनी हात काखेत घातले आणि उभे राहिले. मी माझे खिशात घातले. आईनं चहा केला. तो पिऊन होईपर्यंत आम्ही दोघं नुसते गाडीकडं बघत होतो. मग पाव फेरा, वीस आकडे. पाव फेरा, वीस आकडे. मध्ये एकदा गाडी बंद पडली. तात्यांनी काखेतले हात काढले नाहीत. परत सुरू केली. शेवटी मी मूठ पिळून सोडली आणि आवाज खाली येऊन एका जागी थांबला. मी खिशातून मोबाईल काढला, फोरमनच्या गाडीचा आवाज लावला आणि इंजिनाजवळ धरला.

तात्यांनी मान वाकडी केली. मेंढरं होती तेव्हा कळपातलं कुठलं मेंढरू खोकतंय ते ते डोळे मिटून सांगायचे. तसेच ते आता ऐकत होते.

"दोन्ही एकच हायत," ते म्हणाले. "पर लय भरभर हाय. पेट्रोल पिल."

"तिची चालच ती आहे तात्या. कमी केला तर दारादारात परत बंद पडेल."

"हं," तात्या म्हणाले.

त्या 'हं'चा अर्थ मला लागला नाही. स्क्रू ड्रायव्हर त्यांनी माझ्या हातातून घेतला, पुसला आणि सदऱ्याच्या खिशात लावला. तो माझ्याकडं द्या, असं म्हणावंसं मला वाटत होतं. पण ज्यांनी वीस वर्षं गाडीचा स्लो स्वतः लावला, त्यांना असं कसं म्हणायचं? संध्याकाळच्या दुधाला जाताना गाडी वस्तीच्या वळणापर्यंत मी ऐकली. पुढं ते पहिल्या दारात थांबले असतील आणि तो भरभर ठोक्यांचा आवाज त्यांना खटकला असेल तर? एक स्क्रू, एक पाव फेरा, वीस वर्षांची सवय. ते परत यायच्या आधी माझी एसटी होती.

सोमवारी मी सहालाच जागा झालो. साडेसातला मोबाईल हातात घेतला. पावणेआठ. आठ. फोन करावा तर तात्या गाडीवर असणार, आणि करून विचारायचं तरी काय? आईला लावला तर म्हणाली, अजून आले नाहीत. साडेआठला परत लावला, तर लागला नाही. आमच्या वस्तीवर रेंज अशीच येते-जाते. नऊच्या तासाला सरांनी काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही. पाय हलायला लागला तेव्हा मी दोन्ही हात खिशात घातले. पायाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

दहानंतर प्रॅक्टिकल होतं. मी मोजपट्टी धरून उभा होतो तेव्हा खिशात मोबाईल थरथरला. सरांची परवानगी घेतली की नाही ते आठवत नाही, पण मी व्हरांड्यात होतो. तात्यांना मोबाईलवर लिहिता येत नाही. बोलून पाठवायचं बटण त्यांना मी शिकवलेलं आहे, पण ते त्यांनी कधी वापरलं नव्हतं. तसाच निरोप आला होता. रेकॉर्ड केल्याची वेळ सकाळची होती, रेंजमुळं पोचला मात्र आत्ता.

मी तो कानाला लावला. आधी वारा, मग कॅनवर कॅन आदळल्याचा आवाज. आणि मग गाडी, जवळ, अगदी मोबाईलला खेटून. मी वीस मोजले. ती कुठं वर गेली नाही, कुठं खाली आली नाही. शुक्रवारपासून जो आवाज मी कानात घेऊन हिंडत होतो तोच होता. मागून सचिवाचा आवाज आला:

"तात्या, अजून सव्वासात बी वाजलं न्हाईत. टँकर कुठं पळून चाललाय? गाडी तरी बंद करा की, बाबा. मला फॅटच्या मशिनचा आकडा सांगितलेला ऐकू येईना."

मग तात्या म्हणाले, "थांबा वाईच. पोराला धाडायचंय."

 त्यापुढं नुसती गाडी चालू होती.